वचन वाचले, आता पुढे काय? बायबल नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर बुधवारी दुपारी बायकांची प्रार्थना सभा असते. बरीच वर्षे मी तिथे बायबल अभ्यास घेते. नवी कोणी आली की महिन्याभरात एक प्रश्न हमखास येतो. "ताई, रोज वाचते मी. थोडंफार कळतंही. पण पुस्तक मिटलं की कुकर लावते, मुलांचे डबे भरते, कामाला पळते. सकाळी वाचलं त्याचा आणि दिवसभराचा संबंध कुठे लागतो?"

हा लेख तिच्यासाठी आणि तिच्यासारखाच प्रश्न पडलेल्या सगळ्यांसाठी आहे. मी पाळक नाही आणि सेमिनरीत शिकलेलीही नाही. पण ज्या रीतीने मला आणि आमच्या बुधवारच्या बायकांना वचन घरात आणता आले, ती रीत इथे पायरीपायरीने सांगते. सोबत एकच उतारा शेवटपर्यंत धरू, म्हणजे नुसते नियम पाठ होण्याऐवजी हाताला काम लागेल. उतारा आहे मत्तयाच्या शुभवर्तमानातला, अध्याय ५, वचने २३ आणि २४.

तयारी

एक बायबल, एक वही, एक पेन्सिल. फोनवरचे बायबल प्रवासात चांगले, पण घरी कागदाचे घ्या. बाजूला खूण करता येते आणि मध्येच मेसेज येत नाही. प्रोटेस्टंट घरांतल्या बायबलमध्ये ६६ पुस्तके असतात, वसईसारख्या भागातल्या कॅथलिक घरांतल्या बायबलमध्ये ७३. खाली मी जी पुस्तके सांगते ती दोन्हींत आहेत.

जमल्यास दोन भाषांतरे जवळ ठेवा, एक जुन्या वळणाचे आणि एक सोप्या मराठीतले. जुन्यातली भाषा कानाला गोड लागते, तीच आपल्या प्रार्थनांतही आहे, पण "चिंताक्रांत", "आभारप्रदर्शनासह" असे शब्द नव्या माणसाला अडवतात. न कळलेला शब्द पुढे ढकलू नका, दुसऱ्या भाषांतरात पाहा. केडगावच्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाई बायबलच्या मूळ भाषा, हिब्रू आणि ग्रीक, शिकल्या आणि खेड्यातल्या साध्या बाईलाही कळावे म्हणून त्यांनी सगळे बायबल मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या वारल्या, आणि भाषांतर १९२४ मध्ये छापून निघाले. समजावे म्हणून एका बाईने एवढे कष्ट उपसले आहेत. आपण एक शब्द शोधायला दोन मिनिटे देऊ शकतो.

सुरुवात उत्पत्तीपासून करून सरळ वाचत जाऊ नका. नियमांनी भरलेल्या लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत पोचता पोचता बहुतेकांचा दम जातो. मार्कचे शुभवर्तमान घ्या, १६च अध्याय आहेत. मग याकोबाचे पत्र, ५ अध्याय. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय आहेत, महिन्याच्या तारखेप्रमाणे रोज एक वाचता येतो.

पहिली पायरी: वचन एकटे वाचू नका

बायबलमधले अध्याय १३व्या शतकात पाडले गेले आणि नव्या करारातल्या वचनांचे आजचे आकडे १५५१ मध्ये आले. मत्तयाने किंवा पौलाने आकडे घालून लिहिले नव्हते. म्हणून एखादे वचन मनाला भिडले की त्याच्या मागची पाच आणि पुढची पाच वचने वाचायचीच, हा आमच्या सभेचा नियम. फोनवर फुलांच्या चित्रावर छापून आलेल्या वचनालाही तो लागू.

आपल्याकडे वर्षाच्या शेवटच्या रात्री उपासनेनंतर वचनाची चिठ्ठी काढतात. मलाही ती फार आवडते. फक्त चिठ्ठी पाकिटात ठेवण्याआधी घरी येऊन तो अध्याय उघडा. सगळ्यात जास्त निघणारी चिठ्ठी म्हणजे यिर्मया २९:११, देवाच्या मनातले आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. हे ज्यांना लिहिले ते लोक इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेमहून बाबेलला पकडून नेलेले होते. हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळे परत येईल असे सांगत होता. यिर्मया या संदेष्ट्याने मात्र त्यांना पत्र धाडले की सत्तर वर्षे लागतील. तोवर तिथेच घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याचे हित पाहा, त्यासाठी प्रार्थना करा. वचन ११ त्या पत्राच्या पोटात आहे. पत्र मिळाले तेव्हा ज्यांचे केस पिकलेले होते, त्यांतल्या बहुतेकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता.

हे कळले म्हणून आधार कमी होतो का? माझ्या मते तो वाढतो. नोकरी पुढच्या महिन्यात पक्की होईल, असे ते वचन म्हणत नाही. नको त्या गावी, नको त्या दिवसांतही देवाने सोडलेले नाही, असे म्हणते. आणि कामही देते. गाव सोडून पुण्या-मुंबईत किंवा आखातात आलेल्या माणसाने "हे काय आपलं गाव आहे?" म्हणत वीस वर्षे काढायची नाहीत. चाळीच्या पाण्याच्या टाकीची बैठक असेल तर तिथे जाऊन बसायचे.

आता आपला उतारा. मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू सांगतो: तू आपले अर्पण वेदीजवळ आणलेस आणि तिथे तुला आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच वेदीपुढे ठेव, निघून जा, आधी भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. मागची वचने वाचली की दिसते, विषय खुनाचा चालला आहे. भावावर राग धरणारा, त्याला वेडामूर्ख म्हणणारा, हेही येशूने त्याच रांगेत बसवले आहेत. पुढची वचने सांगतात की फिर्यादीशी वाटेत असतानाच तडजोड कर. म्हणजे घाई आहे.

दुसरी पायरी: कोण, कुणाला, कुठे

हा डोंगरावरचा उपदेश, मत्तयाचे अध्याय ५ ते ७. कवी नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियनाने नवा करार दिला, तेव्हा ज्या अध्यायांनी त्यांना धरून ठेवले ते हेच. पुढे १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येशू हे उत्तरेकडच्या गालील प्रांतात बोलत होता. ऐकणारे तिथले कोळी, शेतकरी, मजूर. आणि वेदी कुठे? यरुशलेमच्या मंदिरात. शंभर किलोमीटरहून जास्त, पायी तीन-चार दिवसांची वाट. आता ते चित्र डोळ्यांपुढे आणा. माणूस कोकरू घेऊन, धूळ खात, चार दिवस चालून वेदीपाशी पोचला आहे. रांगेत त्याचा नंबर आला आहे. आणि तिथे त्याला गावाकडचा भाऊ आठवतो. येशू म्हणतो, कोकरू राहू दे, परत जा. चार दिवस मागे आणि समेट करून पुन्हा चार दिवस पुढे.

नकाशा पाहीपर्यंत मला हे वचन "सगळ्यांशी गोडीने राहा" एवढेच वाटत होते. एवढ्यासाठी तरी बायबलच्या मागचे नकाशे उघडत जा.

तिसरी पायरी: लिहिले आहे तेच वाचा

उतारा हाताने वहीत उतरवून काढा. हात हळू चालतो, म्हणून डोळ्यांनी सोडलेला शब्द त्याला सापडतो.

मी हा उतारा लिहीत होते तेव्हा "तुझ्याविरुद्ध" या शब्दावर पेन्सिल थांबली. तोवर मी तो उलटा वाचत होते. माझ्या मनात कुणाबद्दल राग असेल तर तो काढून टाकावा, असा. इथे तसे लिहिलेलेच नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल, असे लिहिले आहे. तुझे मन साफ असेलही, तरी उठून तूच जायचे.

माझे मन साफ होते, अशी माझी समजूत होती. सासूबाई शेवटची चार वर्षे आमच्याकडे होत्या, अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचे सगळे मीच केले. त्या गेल्यावर त्यांच्या पाटल्या माझ्याकडे राहिल्या. कुणी मागितल्या नाहीत, मी दिल्या नाहीत. गावी मोठ्या जाऊबाई होत्या. त्या मोठ्या सून, आणि घराच्या रीतीप्रमाणे निदान एक पाटली त्यांच्याकडे जायला हवी होती. त्यांनी कधी तोंडाने काढले नाही, पण नाताळला आम्ही गावी गेलो की त्यांची नजर माझ्या मनगटाकडे जायची. मी सगळ्यांना सांगत असे, "माझ्या मनात त्यांच्याबद्दल काही नाही." खरेच नव्हते. असायचे ते त्यांच्या मनात होते.

चौथी पायरी: हा कोणत्या जातीचा मजकूर आहे

बायबलमधली प्रत्येक ओळ आज्ञा नसते. एवढे ओळखता आले तर पुष्कळ घोटाळे टळतात.

गोष्ट असेल तर ती गोष्ट म्हणून वाचा. अब्राहाम मिसरात बायकोला बहीण म्हणाला, शास्त्यांच्या पुस्तकात इफ्ताहाने अविचारी नवस केला. हे घडले म्हणून लिहिले आहे, आपण तसे करावे म्हणून नव्हे. स्तोत्र असेल तर ते प्रार्थनेत म्हणा. स्तोत्र १३ "हे परमेश्वरा, कुठवर?" असे सुरू होते, ज्या दिवशी स्वतःचे शब्द सुचत नाहीत त्या दिवशी तेच पुरते.

जुन्या करारातल्या नियमांशी नवा माणूस फार झगडतो. काय खावे-खाऊ नये, दोन धाग्यांचे कापड नको, यांतले आज काय पाळायचे? खाण्याच्या नियमांबद्दल मार्कच्या ७व्या अध्यायात येशूचे आणि प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये मंडळीच्या वडिलांचे उत्तर आहे, तिथे वाचा. पण म्हणून लेवीय बंद करून ठेवू नका. १९वा अध्याय उघडा. शेताची कड न् कड कापू नकोस, कापणीनंतर खाली पडून राहिलेला सरवा वेचू नकोस, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. त्याच अध्यायात आहे, मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत तुझ्याकडे राहू नये. अनुवाद नावाच्या पुस्तकातले वचन २४:१५ कारण देते: तो गरीब आहे आणि त्याचे मन त्या मजुरीकडे लागलेले असते.

आमच्या सभेतल्या एका बाईकडे शेत नाही, दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. तिने हे वाचले आणि त्या महिन्यापासून धुण्याभांड्यांच्या मावशींचा पगार "सात-आठ तारखेपर्यंत देते" म्हणायचे बंद केले. एक तारखेला सकाळी, त्या चप्पल काढतात तेव्हाच पाकीट हातात. मावशींनी पहिल्यांदा विचारले, "आज कसे काय लवकर?" शेत गेले, सरवा गेला, पण मजुरीकडे मन लावून बसलेले माणूस त्याच दारात उभे असते. नियमामागचे असे माणूस शोधायचे.

आपल्या उताऱ्याचेही तेच. यरुशलेमचे मंदिर इ.स. ७० मध्ये पाडले गेले. आता ना वेदी आहे ना कोकरू. आपले अर्पण म्हणजे रविवारी दानासाठी फिरणारी थैली, प्रभुभोजनाला पुढे जाणे, सभेत उभे राहून केलेली प्रार्थना. त्याआधी कोण आठवते?

पाचवी पायरी: नाव आणि वार लिहा

सगळ्यात जास्त गाडी अडते ती इथे. वाचून झाल्यावर आपण वहीत लिहितो, "मी सर्वांवर प्रीती करावी." वाक्य छान, पण ते कधी करायचे हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून ते होत नाही. याकोब १:२२ म्हणते की वचनाप्रमाणे आचरण करणारे असा, केवळ ऐकणारे असू नका, अशाने तुम्ही स्वतःची फसवणूक करता. पुढे आरशाचा दाखला आहे. तेव्हाचे आरसे घासून चकचकीत केलेल्या धातूचे असत, उभ्याउभ्या एक नजर टाकून चेहरा नीट दिसत नसे. वचन २५ मध्ये "निरखून पाहणे" यासाठी जो ग्रीक शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ वाकून पाहणे.

म्हणून वहीत एकच ओळ लिहा, आणि तिच्यात तीन गोष्टी हव्यात: कोण, काय, कधी. "शनिवारी, जाऊबाईंकडे, पाटली घेऊन." माझ्या वहीत एवढेच आहे. त्याच्याखाली दुसरी ओळ आहे, "यांना सांगणे," म्हणजे नवऱ्याला. तेच मला जड गेले होते.

एका आठवड्याला एक उतारा, एका उताऱ्याचे एक काम. उत्साहात दहा कामे लिहिणारी माणसे तिसऱ्या आठवड्यात वाचनच सोडतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. आणि ओळीत नाव स्वतःच्या कामाचे असावे. "हे वचन आमच्या सासूबाईंना अगदी लागू पडतं," असे मनात आले की थांबा. त्यांचे वचन त्यांना मिळेल.

सहावी पायरी: एकट्याने ठरवू नका

ठरवलेले काम बायबलच्या बाकीच्या भागाशी जुळते का, ते पाहा. पानाच्या तळाशी संदर्भ दिलेले असतात. समेटाबद्दल रोमकरांस पत्र १२:१८ म्हणते, शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितके, सर्वांशी शांतीने राहा. "तुमच्याकडून होईल तितके" हे शब्द फार दयेचे आहेत. समोरचा दार उघडेलच असे नाही. जाण्यापुरते माझ्याकडे आहे.

मग ते एखाद्या जाणत्या माणसाला सांगा. पाळकांना, फादरांना, मंडळीतल्या वडीलधाऱ्या बाईला. हे विशेष करून अशा बहिणींसाठी लिहिते, ज्यांना घरात मार बसतो. समेटाचे, क्षमेचे, अधीनतेचे वचन दाखवून तुम्हांला कुणी मार खात राहायला सांगत असेल, तर तो वचनाचा गैरवापर आहे. या उताऱ्यात उठून जायला सांगितले आहे ते ज्याच्यामुळे दुसरा दुखावला त्याला. मार खाणाऱ्या बाईला ते सांगितलेले नाही. आधी सुरक्षित जागी जा, महिलांसाठीच्या १८१ या हेल्पलाइनला किंवा ११२ ला फोन करा. क्षमेचे पुढे, दाराला आतून कडी लागल्यावर.

काही जणांच्या घरात विश्वासात आलेले ते एकटेच असतात. आई नाराज असते, भाऊ टोमणे मारतात. त्यांनी नवे वाचलेले वचन लगेच घरच्यांना ऐकवू नये, असे माझे ठाम मत आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) आशेविषयी कुणी विचारले तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने, असे सांगितले आहे. आधी त्यांनी विचारावे लागते. तोवर आईचे औषध वेळेवर आणा, पाणी भरा, आणि आधी घरात जे पैसे देत होता तेवढे किंवा त्याहून जास्त देत राहा.

सातवी पायरी: महिन्याने वही उघडा

काम झाले का, एवढेच तपासायचे नाही. काय झाले तेही लिहायचे.

मी त्या शनिवारी सकाळच्या एसटीने गावी गेले. पाटली रुमालात गुंडाळून ब्लाउजमध्ये ठेवली होती, संगमनेरपर्यंत हात तिथेच. जाऊबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी रुमाल त्यांच्या सुपात ठेवला आणि म्हणाले, "ही तुमची आहे. मी द्यायला उशीर केला." पाठ केलेली बाकीची वाक्ये मला आठवलीच नाहीत. त्यांनी रुमाल सोडला, पाटली हातात फिरवली, आतल्या बाजूला सासूबाईंच्या हाताने झिजलेली जागा अंगठ्याने चाचपली. मग आत जाऊन चहा टाकला. त्या दिवशी आमच्यात पाटलीचा विषय पुन्हा निघाला नाही. गळ्यात पडून रडणेही झाले नाही. मोकळेपणाने बोलायला पुढे दोन वर्षे लागली, आणि तीही हळूहळू, लग्नांत, आजारपणांत.

दुसऱ्या दिवशी रविवारी मी गावातल्याच देवळात, म्हणजे चर्चमध्ये, त्यांच्या शेजारी बसले. थैली फिरत आमच्या बाकापाशी आली. तिथे जे वाटले ते मी वहीत लिहिले आहे, इथे लिहीत नाही.

तुमच्या वहीत काही ओळींवर बरोबरची खूण होईल, काहींवर होणार नाही. न झालेली ओळ खोडू नका. तिच्यापुढे कारण लिहा आणि प्रार्थनेत जसेच्या तसे सांगा: प्रभू, गेले नाही, लाज वाटली. मग नवा वार घाला.

पहिल्या महिन्यासाठी चार उतारे देते. पहिल्या आठवड्यात मार्क १:३५-३९, येशू पहाटे उठून एकान्ती प्रार्थनेला गेला ते. दुसऱ्यात लेवीय १९:९-१३. तिसऱ्यात लूक १९:१-१०, जक्कय या जकातदाराचा. त्याने अर्धी मालमत्ता आणि चौपट परतफेड असा हिशेब मोठ्याने, सगळ्यांसमोर सांगितला, तो आकड्यांसकट वाचा. चौथ्यात फिलिप्पैकरांस पत्र ४:१०-१३. शेवटचे वचन परीक्षेच्या दिवसांत पुष्कळ मुलांच्या वहीवर असते, "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे." ते वाचताना वचन १२ सोडू नका. पौल बंधनात होता आणि भुकेल्या पोटी व भरल्या पोटी कसे राहायचे ते शिकल्याचे सांगत होता.

रोज पंधरा मिनिटे पुरतात. सोमवारी उतारा दोनदा वाचा, मंगळवारी हाताने लिहा, बुधवारी नकाशा आणि संदर्भ पाहा, गुरुवारी कोण, काय, कधी ही एक ओळ लिहून एकाला सांगा. शुक्रवार-शनिवार कामाला मोकळे ठेवा.